हार्डी वॉटर लिली: पानं येतात, कळ्या पाण्यातच काळ्या पडतात

खारघर_गच्ची

रो-हाऊसची गच्ची, खारघर. ऊन सकाळी नऊपासून पाचपर्यंत, मध्ये आडवं काही नाही. टब काळ्या प्लास्टिकचा, व्यास २० इंच, उंची १२ इंच, काठोकाठ भरला तर ६० लिटर. आत ८ इंची कुंडी, तिच्यावर जेमतेम ३ इंच पाणी. कुंडीत नर्सरीचं तयार मिश्रण आहे: लाल माती, कोकोपीट आणि शेणखत सारख्या भागांत. लिली ‘गुलाबी हार्डी’ म्हणून घेतलेली, जातीचं नाव सांगितलेलं नाही. डिसेंबरात लावली.

आज, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, पानं अकरा आहेत, पण तीन इंचांच्या वर एकही नाही. फेब्रुवारीत हीच पानं पाच इंची होती. नवं पान वर आलं की दोन आठवड्यांत पिवळं पडतं. कळ्या दोन आल्या, हरभऱ्याएवढ्या झाल्या आणि पाण्याखालीच काळ्या पडल्या. पाणी पालकाच्या रसासारखं हिरवं. दर रविवारी सगळं पाणी बदलतो, बुधवारपर्यंत परत तसंच. खत म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं) आठवड्याला एक चमचा पाण्यात. दुपारी तीनला टबातल्या पाण्यात थर्मामीटर ३६ दाखवतो. कुंडीला धक्का लागला की बुडबुडे येतात आणि त्यांना वास आहे.

विचारायचं ते असं: ही नक्की हार्डीच आहे ना? कुंडी आत्ता बदलावी की पावसाळा येऊ द्यावा? माती आणि खताचं नेमकं प्रमाण काय? आणि सोसायटीत डासांवरून कुरबुर सुरू झाली आहे, त्याचं काय करावं?

टबातलं_तळं (ठाणे)

पानाची कड बघा. कड गुळगुळीत, पान गोल आणि फूल पाण्यालगत तरंगणारं असेल तर हार्डी. कड दातेरी किंवा लहरी आणि फूल दांडीवर पाण्याच्या चांगलं वर असेल तर ट्रॉपिकल. तरी शंका राहिली तर बोटानं माती सारून कंद बघा. हार्डीचा कंद आल्यासारखा आडवा सरकत जातो. ट्रॉपिकलचा अक्रोडासारखा गोळा असतो आणि पानांचा झुबका त्याच्या डोक्यावर. निळ्या-जांभळ्या फुलाची लिली कुणी हार्डी म्हणून देत असेल तर घेऊ नका, आपल्याकडे मिळणारी निळी ट्रॉपिकलच असते. आणि कमळ हे तिसरंच. लिलीशी त्याचं नातं फक्त पाण्यापुरतं, कूळही वेगळं. त्यामुळे कमळाच्या लागवडीचे सल्ले लिलीला लावू नका.

आता तुमचा टब. बुडबुड्यांना वास आहे म्हटल्यावर निम्मं निदान तिथेच झालं. कोकोपीट आणि शेणखत पाण्याखाली हवेशिवाय कुजतं, त्यातून सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू सुटतो आणि नवी मुळं त्यात जळतात. मुळं नाहीत म्हणून पान लहान, आणि कळी पोसायला काही नाही म्हणून ती मधेच सोडून दिली जाते. लिलीला भुसभुशीत माती लागत नाही. जमिनीवरच्या झाडाच्या मुळाला मातीतून हवा हवी असते. लिली आपली हवा पानातून देठाच्या पोकळ नळ्यांमधून खाली मुळापर्यंत नेते. म्हणून जी माती गुलाबाला मारेल, तीच हिला हवी: जड, चिकट, मुठीत दाबली तर लाडू वळला जाईल अशी.

१९:१९:१९ बंद करा, आजपासून. ते पाण्यात पूर्ण विरघळतं, लिलीच्या मुळापर्यंत फार थोडं पोहोचतं आणि बाकी सगळं शेवाळ खातं. वर दर रविवारी पाणी बदलणं म्हणजे त्या शेवाळाला पुन्हा मोकळं मैदान. हिरवं पाणी ओतून टाकून जात नसतं. पृष्ठभागाचा साधारण ६० टक्के भाग पानांनी झाकला आणि पाण्यात मोकळं खत उरलं नाही की ते दोनतीन आठवड्यांत आपोआप निवळतं. तोवर हायड्रिला किंवा हॉर्नवर्ट या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींची मूठभर जुडी सोडा, ती पाण्यातलं जास्तीचं खत ओढून घेते. पाणी आटलं तेवढंच भरा.

कुंडी बदलायचीच आहे, आणि ८ इंची कुंडीत परत नाही. खोल कुंडी हार्डीला निरुपयोगी, कारण कंद खाली जात नाही, आडवा जातो. त्याला पसरट भांडं लागतं. गवंडी वापरतात ते प्लास्टिकचं घमेलं घ्या, १४ इंची. तळाला भोक नसतं, उंची पाचसहा इंच, माती ९–१० लिटर मावते. नर्सरीत ‘लिली पॉट’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक यापेक्षा महाग आणि अरुंद असतं.

लावायचं असं. घमेल्यात आधी तळाला एक मूठ, म्हणजे साधारण ५० ग्रॅम, हाडांचा चुरा मातीत कालवून पसरा. त्यावर साधी माती काठाखाली दीड इंच राहील इतकी भरा, पाणी घालून चिखल करा आणि हातानं दाबून हवा काढा. कंदाचं कापलेलं मागचं टोक घमेल्याच्या भिंतीला टेकवा, वाढीचं टोक मध्याकडे. कंद थोडा तिरपा, मागचं टोक खाली आणि पुढचं वर. माती मागच्या भागावर, मुळांवर. वाढीचं टोक, जिथून पानं फुटतात, ते मातीबाहेर उघडं राहिलं पाहिजे. बहुतेक लिल्या इथेच मरतात: टोक गाडलं जातं आणि आठ दिवसांत कुजतं. वरून अर्धा ते एक इंच जाड रेती किंवा बारीक खडी, तीही टोक सोडून. मासे माती उकरत नाहीत आणि पाणी गढूळ होत नाही.

टबात उतरवताना घमेलं तिरकं करून हळूहळू बुडवा, नाहीतर अडकलेली हवा एकदम सुटते आणि कंद वर तरंगतो. आधी घमेल्याखाली विटा ठेवून वर फक्त ३–४ इंच पाणी. पानं पृष्ठभागावर पसरली की दर आठवड्याला एक वीट काढा.

गाळ_आणि_माती

वरच्या सगळ्याला दुजोरा, एक गोष्ट सोडून. त्यांनी आत्ताच बदला म्हटलं आहे, पण हार्डीची कुंडी बदलायची आपल्याकडची योग्य वेळ म्हणजे फेब्रुवारी, नाहीतर पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर. मार्चअखेरीस कापलेला कंद एप्रिल-मेच्या तापल्या पाण्यात जातो आणि ताज्या कापावर कुज लवकर चढते. निरोगी लिली असती तर थांबा म्हटलं असतं. इथे वास येतो आहे, म्हणून थांबण्यात अर्थ नाही. पण मग उन्हाचा बंदोबस्त आधी, लागवड नंतर.

३६ अंश ही खरी अडचण आहे. ‘हार्डी’ हा शब्द थंडी सोसण्यावरून आला आहे, उन्हाळा सोसण्यावरून नाही. आजच्या हार्डी जातींचा पाया फ्रान्समध्ये घातला गेला. लातूर-मार्लियाक या लिलीच्या नव्या जाती तयार करणाऱ्या फ्रेंच माणसानं १८७५ साली ताँप्ल-स्युर-लो इथे नर्सरी काढली. त्यांच्या रंगीत लिल्या १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडल्या गेल्या आणि चित्रकार मोनेनं आपल्या तळ्यासाठी तिथूनच मागवल्या. हे झालं त्या तळ्यातल्या गार पाण्याचं. आपण तीच झाडं साठ लिटरच्या काळ्या टबात भर उन्हात ठेवतो आणि मग ती रुसतात.

पाणी गार ठेवायला सर्वांत मोठा उपाय म्हणजे जास्त पाणी. २४ इंच व्यास आणि १४ इंच उंचीचा टब घेतला तर १०० लिटर होतं, आणि १०० लिटर दुपारभरात तितकं तापत नाही. रंग फिका निवडा. काळाच वापरायचा असेल तर बाहेरून गोणपाट गुंडाळा, सकाळी एकदा ओलं करा. खाली थर्मोकोलचा तुकडा किंवा लाकडी पॅलेट, कारण गच्चीची लादी खालून भाजते. एप्रिल-मेमध्ये दुपारी एक ते चार ३५ टक्के सावली देणारी हिरवी जाळी, तीही पश्चिमेच्या बाजूनं तिरपी, डोक्यावर नको. सकाळचं पाचसहा तास थेट ऊन मिळालंच पाहिजे, त्याच्याशी तडजोड नाही. दिवसभर जाळीखाली ठेवलेली लिली नुसती पानं देते.

गच्चीवर वजनाचा हिशेब सोपा आहे आणि लोक तो उलटा करतात. स्लॅबवर दर चौरस मीटरला किती भार येणार ते टबाच्या रुंदीवर नाही, पाण्याच्या खोलीवर ठरतं. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १० किलो. १४ इंच म्हणजे ३५ सेंमी, भार ३५० किलो. पसरट आणि उथळ टब म्हणूनच बरा, आणि तो भिंतीलगत, तुळईच्या वर ठेवा. स्लॅबच्या मधोमध तीनचार टब एकत्र नकोत.

मातीबद्दल. कोकणची लाल माती एकटी चालते, पण तिच्यातलं लोह स्फुरद धरून ठेवतं, झाडाला सोडत नाही. म्हणून वर सांगितलेला हाडांचा चुरा मुळाशीच हवा, पाण्यात टाकून उपयोग नाही. दोन भाग लाल माती आणि एक भाग काळी किंवा भाताच्या खाचरातली माती, हे उत्तम. कर्जत, मुरबाड, शहापूर या बाजूला कुणी ओळखीचं असेल तर एक गोणी पुष्कळ. माती चाळू नका, फक्त काड्या, मुळं आणि खडे वेचा. नसेल मिळत तर गणपतीची शाडू. रंग न दिलेली किंवा रंग पूर्ण खरवडलेली मूर्ती घरी बादलीत विसर्जित केली असेल तर तो चिखल तीन भाग लाल मातीला एक भाग घाला. नुसती शाडू नको: फार बारीक असते, दगडासारखी बसते, आणि पोषण शून्य. खाडीकाठचा गाळ मात्र चुकूनही आणू नका. दिसतो लोण्यासारखा, पण त्यातल्या मिठानं पानांच्या कडा करपतात. खाडीजवळच्या बोअरवेलच्या पाण्याचंही तेच. टँकरचं पाणी भरत असाल तर जिभेला लावून बघा, मचूळ लागलं तर नको.

कुंडी उपसाल तेव्हा कंद दाबून बघा आणि इथे लिहा. मला कुज दिसते आहे.

सीवूड्स_गप्पी

डासांचं एवढंच. १०० लिटरला सहा ते आठ गप्पी मासे, नर-मादी मिळून, बास. दोन महिन्यांत मोजता येणार नाहीत इतके होतात. नळाचं पाणी असेल तर टब भरून २४ तास उघडा ठेवा, मग मासे सोडा, क्लोरीन उडून जातो. गोल्डफिश किंवा कोई नको, ते कोवळी टोकं कुरतडतात आणि माती उकरून कंद उपटतात.

डेंग्यूचा डास पाण्यात नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर टबाच्या भिंतीला अंडी चिकटवतो, आणि ती कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पाणी परत चढलं की फुटतात. म्हणून टब रिकामा ठेवणार असाल तर आतली भिंत ब्रशनं घासून काढा, नुसतं ओतून देणं पुरत नाही. अंड्यापासून डास उडेपर्यंत गरम दिवसांत आठवडा-दहा दिवस लागतात. पानं एकावर एक चढून मध्ये पाण्याचं डबकं राहिलं तर तिथे मासा पोहोचत नाही, ती पानं काढा. मासे सोडायचेच नसतील तर बीटीआयचे (डासांच्या अळ्या मारणाऱ्या जिवाणूचे) दाणे मिळतात, ते लिलीला अपाय करत नाहीत. महापालिकेचे लोक अळ्या तपासायला आले की त्यांना टॉर्च देऊन मासे दाखवा, वाद तिथेच संपतो. सेक्रेटरींनाही दाखवा. आणि जास्त झालेले गप्पी तलावात सोडू नका, तिथल्या स्थानिक माशांचं खाणं आणि पिल्लं दोन्ही ते खातात.

जूनच्या आधी टबाच्या काठाखाली एक इंचावर भोक पाडून ठेवा. ठिबकचा १६ मिमीचा ग्रोमेट (रबरी कडं) आणि नळीचा तुकडा बसतो, आतून जाळीचा तुकडा. नाहीतर पहिल्या मोठ्या सरीत निम्मे मासे गच्चीच्या मोरीत.

खारघर_गच्ची

कुंडी उपसली. पानाची कड गुळगुळीत, कंद आडवा, म्हणजे हार्डी. कंद एकूण सहा इंच. मागचे चार इंच तपकिरी, दाबलं की पिकलेल्या चिकूत जावं तसं बोट आत जातं. पुढचे दोन इंच कडक. बाजूला एक डोळा आहे, वाटाण्याएवढा, हिरवट. मुळं बरीचशी काळी, ओढली की साल हातात येते आणि आत दोरा उरतो. पांढरी मुळं चारपाच. मातीचा रंग डांबरासारखा.

बाविस्टिन हे बुरशीनाशक घरात आहे, त्यात बुडवून लावू का? आणि दोन इंच कंदावर झाड येईल?

गाळ_आणि_माती

येईल. दोन इंच पुष्कळ झाले, पुढचं टोक शाबूत आहे ना, मग झालं.

सुरी पाण्यात उकळून घ्या. मागून पाव पाव इंच कापत पुढे या, जोवर काप कच्च्या बटाट्यासारखा पांढरट आणि कोरडा दिसत नाही तोवर. मध्ये तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली तर अजून एक काप. दर कापानंतर सुरी पुसा. डोळा कडक भागावर असेल तर तसाच राहू द्या, मऊ भागावर असेल तर त्याला सोडून द्या, मोह नको. काळी मुळं पार काढा, पांढरी ठेवा. मोठी पानं सगळी छाटा, फक्त सर्वांत कोवळी दोनतीन ठेवा. मुळं नसताना जुनी पानं नुसतं ओझं.

बाविस्टिन राहू द्या. अशी कुज बहुतेकदा फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जीवामुळे होते आणि ती खरी बुरशी नाहीच. बाविस्टिनमधलं कार्बेन्डाझिम तिच्यावर चालत नाही, पाण्यात मात्र उतरतं. मेटॅलॅक्सिल हे दुसरं औषध चालतं, पण त्यात बहुधा मॅन्कोझेब हे बुरशीनाशक मिसळलेलं असतं आणि ते माशांना विषारी. एका झाडासाठी इतकं कशाला? पोटॅशियम परमँगनेट गुलाबी सरबताइतकं फिकं करा, दहा मिनिटं बुडवा, साध्या पाण्यात धुवा. ते वरवरचं साफ करतं, आतली कुज काढते ती सुरी.

लगेच मातीत लावू नका. पांढऱ्या बादलीत चार इंच पाणी घ्या, कंद त्यात तरंगत ठेवा, सावलीत पण उजेडात. पाणी रोज बदला. पाच दिवसांनी काप बघा. पांढरा किंवा फिकट पिवळा राहिला, कडा आक्रसल्या, तर लावा. तपकिरी सरकत असेल तर परत कापा आणि परत पाच दिवस. पांढरी बादली अशासाठी की नवं मूळ सुटलं की लगेच दिसतं.

टब ब्लिचिंग पावडरनं घासा, दोन दिवस उन्हात उलटा टाका. ती डांबरी माती दुसऱ्या लिलीला नको. गच्चीवर पसरून वाळवा आणि जास्वंदीच्या कुंडीत घाला, तिथे ती कामाची आहे.

टबातलं_तळं (ठाणे)

फेब्रुवारीबद्दल ते म्हणतात ते बरोबर, मी महिना नीट बघितलाच नाही. पाच दिवस बादलीत ठेवायचंही बरोबर, मी थेट मातीत सांगितलं होतं.

खताचं वेळापत्रक राहिलं. लावल्यावर रासायनिक खत अजिबात नाही, जोवर तीनचार नवी पानं पृष्ठभागावर येत नाहीत तोवर. याला तीनचार आठवडे लागतील. मग १०:२६:२६ किंवा डीएपी (दोन्ही स्फुरद जास्त असलेली खतं), सपाट चमचा म्हणजे ५ ग्रॅम, वर्तमानपत्राच्या तुकड्यात घट्ट पुडी बांधून. अशा दोन पुड्या, वाढीच्या टोकापासून चार बोटं लांब, मातीत बोट पूर्ण आत जाईल इतक्या खोल. वरून भोक चिखलानं बुजवा, नाहीतर सगळं पाण्यात येतं आणि तुमचा पालकाचा रस परत तयार. महिन्यातून एकदा, पुड्यांची जागा दर वेळी बदलून. जुलैमध्ये सलग ढग असताना निम्मं करा, झाड खाणार नाही. फुलायचा जोर परत सप्टेंबरअखेर ऊन उघडलं की.

सरकीची किंवा मोहरीची पेंड, ताजं शेण, केळीच्या साली: टबात काही नको. तळ्यात चालणाऱ्या गोष्टी शंभर लिटरमध्ये चालत नाहीत. पेंड कुजली की अमोनिया होतो आणि सकाळी गप्पी पोट वर करून.

पान लहान व्हायला लागलं तर भूक, पानं एकमेकांना ढकलून पाण्याबाहेर उभी राहायला लागली तर गर्दी, तेव्हा कंद वाटायचा. आपल्या हवेत दर वर्षी वाटावा लागतो. सगळ्यांत बाहेरचं जुनं पान पिवळं होणं हा रोग नाही, पान चारपाच आठवडेच जगतं. दोन आठवड्यांत पिवळं पडत असेल तर मात्र शोधाशोध करा.

मावा आला, म्हणजे पानावर काळ्या ठिपक्यांची पूड दिसली, तर साबणाचं पाणी नको, माशांना घातक. नळीच्या जोरदार धारेनं धुवा, मासे खातात. नाहीतर जाळीचा गोल कापून वर दगड ठेवा आणि पानं रात्रभर बुडवून ठेवा. पानाला लंबगोल तुकडे कापल्यासारखी भोकं दिसली तर ती पतंगाची अळी. ती त्याच तुकड्यांचं पाकीट करून पानाखाली चिकटून बसते. पान उलटा, चिमटीत धरा, संपला विषय.

नेरूळ_१४वा_मजला

मध्येच विचारतो. गच्ची नाही, दक्षिणेची बाल्कनी आहे. डिसेंबरात सहा तास ऊन येतं, तेवढ्यावर हार्डी फुलेल का?

टबातलं_तळं (ठाणे)

डिसेंबरात फुलेल, मेमध्ये नाही. आपण १९ अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तेव्हा दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन जवळपास नाहीच. वरच्या मजल्याचा स्लॅब बाहेर आलेला असेल तर एप्रिलपासूनच बंद. ऑक्टोबर ते मार्च फुलं घ्या, उरलेले महिने झाड जगवा, खत थांबवा. पूर्वेची बाल्कनी असेल आणि समोर टॉवर नसेल तर ती जास्त बरी: सकाळचं ऊन, दुपारी सावली, हार्डीला हेच हवं. चौदाव्या मजल्यावर वारा फार, पानं उलटी होतात आणि वाळतात. टबात पाणी काठाखाली दोनतीन इंच ठेवा म्हणजे कड आडोसा देते.

जागा लहान तर जातही लहान घ्या. हेल्वोला पिवळी, छोटी, २० इंची टबातही बसते. खारघरवाल्यांच्या जुन्या टबात तीच शोभेल.

गाळ_आणि_माती

जातींचं निघालंच आहे तर. आपल्या उन्हाळ्यात टिकणाऱ्या: कोलोरॅडो (गुलाबी-केशरी), वानविसा (ठिपक्यांची, थायलंडची), मंगल उबोल, आणि जुन्यांपैकी पिवळी क्रोमाटेला, १८८७ ची, मार्लियाक यांचीच. तिच्यात निम्फिया मेक्सिकाना या गरम प्रदेशातल्या जातीचं रक्त आहे, म्हणून ती आपल्याकडे जमते. जुन्या गडद लाल, अ‍ॅट्रॅक्शन आणि एस्कारबुक्लसारख्या, फोटोत बघून घेऊ नका. एप्रिलच्या उन्हात त्यांच्या पाकळ्या पहिल्याच दिवशी विरघळल्यासारख्या काळ्या होतात, आणि ते खत घालून सुटत नाही.

खारघर_गच्ची

कंद बादलीत ठेवला, आज पाचवा दिवस. काप फिकट पिवळा, कडा आत वळल्या आहेत, टोकाखाली एक पांढरं मूळ पाव इंचाचं. १०० लिटरचा फिका राखाडी टब आणि घमेलं आणलं. उद्या लावतो. पहिलं फूल साधारण कधी? आणि फूल किती दिवस राहतं, देवाला वाहायचं झालं तर कधी खुडावं?

टबातलं_तळं (ठाणे)

एवढ्याशा कंदावर सात ते दहा आठवडे धरा. म्हणजे जून, आणि तेव्हा ढग लागले तर सरळ ऑक्टोबर. पहिली कळी बारीक असली तरी राहू द्या.

फूल तीनचार दिवसांचं. सकाळी आठनऊला उघडतं, दुपारी तीनच्या सुमारास मिटतं, दुसऱ्या दिवशी परत उघडतं. त्यामुळे संध्याकाळी मिटलेलं बघून ते संपलं असं समजू नका. पहिल्या दिवशी मधोमध वाटीत पाण्यासारखा द्रव दिसतो, पिवळे केसर अजून ताठ. दुसऱ्या दिवसापासून केसर आत वळतात आणि पराग सुटतो. खुडायचं तर पहिल्या दिवशी, पूर्ण उघडल्यावर, साडेदहा-अकराला. कळी खुडली तर ती घरात उघडत नाही. शेवटच्या दिवशी फूल आडवं पडून बुडायला लागतं, तेव्हा देठ हातानं माग काढत तळाशी नेऊन कंदालगत कात्रीनं कापा. वरून ओढलं तर नुकती धरलेली मुळं सुटतात, आणि नुसतं डोकं खुडलं तर खाली राहिलेला देठ टबात कुजतो.